हिंगोलीच्या विहिरीतून हिऱ्याच्या मुळाकडे

औंढा नागनाथहून दुधाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका शिवारात विहिरीचं खोलीकरण चाललं आहे. एप्रिल संपत आलाय, हळदीची रानं मोकळी झालीत, ऊन डोक्यावर आहे. तुम्ही यारीच्या लोखंडी बकेटात एक पाय टाकून उभे आहात. काठावरचा गडी विचारतो, "खाली काय बघायचंय साहेब?" तुम्ही म्हणता, "हिरा." तो यारीवाल्याकडे बघतो. हसत नाही. "हिरा नाही लागत इथं. पाणी लागलं तरी बास," म्हणतो आणि हात करतो. बकेट सुटते.

निघण्याआधी एवढं ठरवून घेऊ: तुम्हाला चटका बसणार नाही, दाबानं चुरा होणार नाही, आणि जितके खाली जाल तितके काळात मागे जाल.

भिंत डोळ्यांसमोरून वर सरकते. आधी काळी माती, भेगाळलेली. मग चुनखडीचे पांढरे गोटे मिसळलेला मुरूम. मग मांजऱ्या, भोकाभोकांचा, पहारीनं फुटणारा. विहीर खोदणाऱ्यांना तो आवडतो, त्यात पाणी खेळतं. त्याखाली काळा पाषाण. इथे पहार नुसती वाजते, सुरुंगाशिवाय इलाज नाही. आणि काळ्याच्या तळाशी अचानक गेरूचा तांबडा पट्टा. पट्टा संपला की पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा.

गेरूच्या पट्ट्याशी उतरा. तुम्ही आता सुमारे ६.६ कोटी वर्षं मागे आहात.

पायाखाली तांबडी माती आहे. खालचा लाव्हा निवला, त्यावर पाऊस पडला, तो झिजला, त्याची ही माती झाली. हिंगोली अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि भारताचा तुकडा समुद्रातून उत्तरेकडे निघाला आहे. चित्रात असतो तसा शंकूच्या आकाराचा डोंगर शोधू नका. जमिनीला लांबलचक भेगा पडल्यात आणि त्यातून अकराशे अंशांहून जास्त तापलेला रस वर येतोय. तो धावत नाही. पुढची कड थिजते, तिच्याखालून नवा रस शिरतो, कड फुगते, फुटते आणि आणखी चार पावलं सरकते. असा थरावर थर. आज उरलेला हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि त्यातला बहुतेक दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला. सह्याद्रीत त्याची जाडी किलोमीटरच्या वर जाते, मराठवाड्याच्या पूर्वेकडे येईतो ती काहीशे मीटरवर येते.

आता सरळ प्रश्न असा: पृथ्वीच्या पोटातून एवढा रस बाहेर आला, मग त्याच्याबरोबर हिरा का नाही आला?

एक तर हा रस पुरेशा खोलातून आलेला नाही. जुन्या खंडांच्या खाली हिरा टिकतो तो साधारण १५० किलोमीटरच्या खाली. बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या कातळाचा, रस वितळतो तो सहसा शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही वर. म्हणजे हिऱ्याच्या मजल्यापर्यंत तो पोचलेलाच नसतो. दुसरं कारण वेगाचं. हा रस वाटेत थांबतो, कोठारात साठतो, रेंगाळतो. चुकून एखादा हिरा त्यात सापडलाच, तर कमी दाबाच्या त्या उकाड्यात त्याचं ग्रॅफाइट होईल किंवा तो विरघळून जाईल. बहुतेक महाराष्ट्राला पुरलेला लाव्हा हिऱ्याच्या बाबतीत रिकाम्या हातानंच आला आहे.

मग शेतात जे चमकतं ते काय? त्यासाठी मांजऱ्याच्या थरात जरा थांबा आणि एका भोकात डोळा लावा. लाव्हा निवताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले, भोकं राहिली. पुढे लाखो वर्षं कोमट पाणी त्यांतून झिरपत राहिलं आणि त्यानं आणलेली सिलिका कडेकडेनं साचली. आधी अकीकाचा करडा पापुद्रा, मग आतल्या बाजूला टोकदार, सहा कडांचे स्फटिक. हीच गारगोटी. कुठे जिओलाइटची पांढरी-गुलाबी फुलं, कुठे अपोफिलाइटचे हिरवट चौकोनी कण. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे, तिथे हे सगळं काचेमागे मांडलेलं दिसतं. सुंदर आहे, पण हिऱ्याचं आणि याचं काही नातं नाही. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, गारगोटी म्हणजे सिलिका. ती या कातळाच्या पोकळीतच तयार होते.

आणखी खाली जाण्याआधी एकदा पूर्वेकडे मान वळवा. साधारण याच सुमारास, इथून साडेपाचशे किलोमीटरवर, आजच्या छत्तीसगडमधल्या मैनपूरजवळ जमीन फुटली आहे. तिथे लाव्ह्याचा पूर नाही, मोजक्या अरुंद नळ्यांचे स्फोट आहेत. गवगवा काहीच नाही. पण त्या नळ्यांनी हिरे आणले. बेहराडीह आणि पायलीखंडची नावं खाणवाल्यांच्या तोंडी आहेत ती त्यामुळेच. काळ एकच, देश एकच. एकीकडे लाखो घनकिलोमीटर रस आणि हिरा शून्य, दुसरीकडे ओंजळभर उद्रेक आणि त्यात हिरे. ज्वालामुखी किती मोठा याला इथे किंमत नाही. तो किती खोलातून आणि किती घाईनं आला, एवढंच मोजायचं.

बकेट पुन्हा सोडा. थर मोजायचा कंटाळा येईल, म्हणून थेट बुडाशी जाऊ. हिंगोलीच्या नेमक्या या विहिरीखाली काळा कातळ किती मीटर आहे ते सांगण्यापेक्षा मराठवाड्यातल्याच लातूर जिल्ह्यातली मोजणी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटरचा बोअर घेतला. ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट लागला. मग अवघे ८ मीटर गाळाचे थर. आणि त्याखाली थेट कठीण, स्फटिकमय, जुनाट खडक.

त्या ८ मीटरमध्ये पाय भिजवा. हे लाव्हा येण्याआधीचे ओढे, डबकी, चिखल. अशाच गाळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला इसिसॉरस नावाच्या लांब मानेच्या डायनासोरची हाडं सापडली आणि पिसदुऱ्याला त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे. पण तुम्ही डायनासोर बघायला आलेला नाही. एक पाऊल आणखी खाली टाका.

ते एक पाऊल जवळजवळ २४० कोटी वर्षांचं आहे.

वर ३३८ मीटर उतरताना तुम्ही फारसे मागे गेला नव्हता आणि इथे वीतभर अंतरात पृथ्वीच्या निम्म्याहून जास्त वयाचं पुस्तक गहाळ आहे. तेवढा काळ इथे काही घडलं नाही असं नाही. जे साचलं ते झिजून गेलं. पायाखालचा हा गुलाबी-करडा, पट्ट्यापट्ट्यांचा खडक सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. तो उघड्यावर बघायचा असेल तर नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जा. तिथे काळा कातळ संपतो आणि ग्रॅनाइटच्या गोल गोल शिळा शेतात बसलेल्या दिसतात. तेलंगणात, रायचुरात, अनंतपुरात हीच जमीन आहे. भूशास्त्रात तिचं नाव पूर्व धारवाड. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची ही जुनी जमीन आणि हिंगोलीच्या तळाशीही तीच. वरचं काळं पांघरूण मात्र वेगळं.

याच तळाच्या खडकातून हिंगोलीला अधूनमधून हादरे येतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पुन्हा १० जुलैला तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला तर जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षं ऐकू येतात. असे धक्के साधारण दहाएक किलोमीटर खोलीवर उगम पावतात, बेसॉल्टच्या कितीतरी खाली. आणि गंमत अशी, की दुधाळ्याच्या माळावर उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा ज्या जमिनीवर येणार, ती निवडली तीच एकंदरीत शांत जमीन म्हणून. ती शास्त्रज्ञांची निवड मला चुकीची वाटत नाही. अशा धक्क्यांची नोंद वगळून काम करायची तयारी त्या यंत्रात असते. पण पांगरा शिंद्याच्या माणसाला 'शांत जमीन' म्हटलेलं पटणार नाही, हेही खरंच.

आता या विहिरीतून थोडं बाजूला व्हावं लागेल, कारण हिऱ्याची गोष्ट घडली ती नेमकी त्या गहाळ पानांत.

आधी २७ कोटी वर्षांवर थांबू, वणी-चंद्रपूरच्या बाजूला. दलदल आहे, थंड हवा आहे, ग्लोसोप्टेरिसची जिभेसारख्या पानांची झाडं चिखलात पडताहेत. यांचाच पुढे आपला दगडी कोळसा होणार. इथे तुम्हाला मुद्दाम आणलं, कारण शाळेपासून कानावर पडलेलं एक वाक्य इथेच सोडून द्यायचं आहे: कोळशावर दाब पडला की त्याचा हिरा होतो. होत नाही. कोळसा झाडांपासून होतो आणि जमिनीवर झाडं आली त्याला पुरती चाळीस कोटी वर्षंही झालेली नाहीत. गोवळकोंड्याचे हिरे ज्या उद्रेकांनी वर आले असं मानतात, ते ११० कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे हिरा वर आला तेव्हा कोळसा व्हायला झाडच नव्हतं. शिवाय कोळशाच्या खाणी काहीशे मीटर खोल. हिऱ्याला लागतात दीडशे किलोमीटर. नेतेमंडळींच्या आणि प्रेरणादायी वक्त्यांच्या भाषणातून हे वाक्य जाईल अशी आशा मात्र नाही.

तर ११० कोटी. हिंगोलीपासून दक्षिणेला पाचशेवर किलोमीटर, आजच्या आंध्रातलं वज्रकरूर. उभे राहा, पण जरा लांब. उघडा खडक आहे, गवताचं पातं नाही, पक्षी नाही, किडा नाही. जीव आहेत ते बहुतेक समुद्रात आणि तेही बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. जमीन थरथरते. दीडशे-दोनशे किलोमीटर खोलीवर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ठासून भरलेला रस फुटला आहे आणि भेगा पाडत वर निघाला आहे. जितका वर येतो तितका दाब कमी होतो, वायू फुगतो, वेग वाढतो. तळापासून वरपर्यंतचा प्रवास तासांत, फार तर काही दिवसांत. वाटेतल्या भिंतींचे तुकडे तो उचलून आणतो: हिरवे ऑलिव्हिन, जांभळट-लाल गार्नेट आणि क्वचित हिरा. पृष्ठभागाजवळ स्फोट होतो आणि खाली उरतो गाजरासारखा निमुळता होत गेलेला नळ. त्यात गोठलेल्या खडकाला किंबरलाइट म्हणतात. ही घाईच हिऱ्याला वाचवते. आठवडे-महिने लागले असते तर वाटेतच त्याचं काही उरलं नसतं.

किंबरलाइट हिरा तयार करत नाही, हे लक्षात ठेवा. तो फक्त वाहून आणतो. हिरा आधीच खाली बसलेला असतो, कधी कधी शंभर-दोनशे कोटी वर्षं.

म्हणून आता त्याच नळातून उलटे खाली चला. दीडशे किलोमीटर. दोनशे. डोक्यावर पन्नास-साठ हजार वातावरणांचा दाब, आणि तरी तापमान त्या मानानं बेताचं, हजार-अकराशे अंश. जुन्या खंडांच्या खाली असं जाड, थंड मूळ असतं; म्हणून हिरे जुन्या जमिनीतच मिळतात. आजूबाजूच्या खडकात कार्बन मिसळलेले द्रव झिरपताहेत आणि त्यातून छोटे छोटे अष्टफलकी स्फटिक धरताहेत. बाजारात येणारे बहुतेक हिरे इथले. त्यात नायट्रोजन शिरलेला असतो, म्हणून पुष्कळांना पिवळट छटा. इथे थांबून मोठा हिरा शोधाल तर निराश व्हाल. कोंबडीच्या अंड्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ दगड या मजल्यावर सहसा तयार होत नाही.

तो आणखी खाली आहे. तीनशे साठ किलोमीटर. पाचशे. सहाशे. वर दोन लाख वातावरणांच्या आसपासचा दाब. इथल्या खडकाची खनिजंसुद्धा ओळखीची राहत नाहीत, दाबानं त्यांची घडीच बदलते. गार्नेटचं मॅजोराइट होतं. इथे प्राणवायू इतका जखडलेला आहे, की खडकातलं थोडं लोखंड धातू म्हणून सुटं होतं. तुमच्या समोर अंधारात वितळलेल्या धातूचा एक थेंब आहे. त्यात लोह, निकेल, गंधक आणि विरघळलेला कार्बन. त्या थेंबाच्या पोटात एकच स्फटिक वाढतोय. नायट्रोजन धातूतच अडकून राहतो, स्फटिकात जात नाही, म्हणून तो रंगहीन. वाढीला अडथळा नाही, म्हणून तो मोठा. कारखान्यात प्रचंड दाब देऊन हिरे करतात तेव्हाही असाच वितळलेला धातू वापरतात. माणसानं ही युक्ती निसर्गात ती सापडण्याआधीच शोधली होती.

हे कळलं कसं? मोठा हिरा कुणी फोडू देत नाही. पण पैलू पाडताना कोपरे आणि कडा कापून टाकतात आणि त्या कापलेल्या चिटोऱ्यांत काळे ठिपके असतात. जवाहिऱ्याला ते दोष वाटतात. अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या इव्हान स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तेच ठिपके तपासले आणि २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष मांडला. ५३ मोठ्या हिऱ्यांपैकी ३८ मध्ये गोठलेला धातू होता. त्याभोवती मिथेन आणि हायड्रोजनचा पातळ थर. काहींत मॅजोराइट. त्यावरून खोली निघाली ३६० ते ७५० किलोमीटर. २०२१ मध्ये त्यांनी पुढचं सांगितलं: या धातूतल्या लोखंडाचे समस्थानिक बघता त्यातलं काही लोखंड समुद्रतळातून आलेलं आहे. समुद्राखालचा, पाण्यानं सर्पेंटाइन झालेला खडक भूपट्टाबरोबर खाली खेचला गेला आणि सहाशे किलोमीटरवर त्याचा हिऱ्याशी संबंध आला.

दक्षिण आफ्रिकेत १९०५ मध्ये सापडलेला कलिनन, ३,१०६ कॅरट, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर, या कुळातला. या हिऱ्यांना सुबक अष्टफलकी आकार नसतो. वर येताना कडा विरघळून ते बेढब, गोलसर झालेले असतात. आधी खोलातून संथ घुसळणीत ते खंडाच्या मुळापर्यंत पोचतात, तिथून किंबरलाइट त्यांना उचलतो. असे दोन प्रवास जमले तरच मोठा हिरा माणसाच्या हाती लागतो. कोहिनूरसुद्धा याच कुळातला असावा असं आता अभ्यासक मानतात.

नळातून पुन्हा वर या आणि या वेळी काळात पुढे. वज्रकरूरची टेकाडं झिजताहेत. नळाचा वरचा भाग नाहीसा झाला, त्यातले हिरे ओढ्यात, ओढ्यातून नदीत. हिरा झिजत नाही, म्हणून वाळूगोट्यांत साचत जातो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी अलीकडे गोवळकोंड्याच्या हिऱ्यांचं मूळ म्हणून याच वज्रकरूरकडे बोट दाखवलं आहे. सतराव्या शतकात कृष्णेकाठी कोल्लूरला उतरलात तर टॅव्हर्निए हा फ्रेंच व्यापारी भेटेल. साठ हजार माणसं इथे खोदतात असं तो लिहितो: पुरुष खणतात, बायका-पोरं माती वाहतात. १६६५ मध्ये औरंगजेबाच्या दरबारात त्याला मोठा मोगल हिरा हाताळायला मिळाला. आज कोल्लूर पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. अनंतपूर-कर्नूलकडे मात्र पहिला पाऊस पडला की माणसं अजूनही शेतातल्या मातीत नजर रोवून फिरतात आणि एखाद्याला खरोखर हिरा मिळतोही.

गोवळकोंड्याचाच एक हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी तो नेला, १८१८ मध्ये लंडनच्या जवाहिऱ्यांना विकला, पुढे त्याला दोनदा नवे पैलू पाडले आणि तो ४३.३८ कॅरटचा उरला. जग त्याला 'नासक' म्हणतं. नाशिकच्या काळ्या कातळात मात्र तो जन्मला नव्हता. तिथला कातळ हिंगोलीच्याच जातीचा.

मग महाराष्ट्रात हिऱ्याची जागा कुठेच नाही का? आहे. गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात वैरागड. अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत तिथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली आहे. किल्ला अजून उभा आहे. तिथे बेसॉल्ट नाही, बस्तरची जुनी जमीन उघडी आहे आणि मैनपूरचे नळ त्याच जमिनीतले. हिंगोलीच्या विहिरीला हिरा लागणार नाही, गड्यानं सांगितलं ते बरोबरच होतं. महाराष्ट्रात हिरा शोधायचाच असेल तर काळा कातळ संपतो तिथून पुढे, वैनगंगेच्या पलीकडे शोधा.